कोलोस्टॉमी बंद करणे हे किरकोळ काम नव्हे

जन्मतः गुदद्वार नसलेल्या बाळावर पुष्कळदा तीन टप्प्यांत उपचार होतात. आधी मोठे आतडे पोटावर उघडून शी बाहेर काढण्याची तात्पुरती सोय, म्हणजे कोलोस्टॉमी. मग गुदद्वाराची रचना. शेवटी पोटावरचे तोंड बंद. या शेवटच्या टप्प्याविषयी एक समज रूढ आहे. अवघड काम उरकले, आता चार टाके घालायचे. केस यादीत शेवटी लावा, नवशिक्याच्या हाती द्या.

हा समज घातक आहे. येथे नुसती कातडी शिवायची नसते. आतड्याची दोन्ही तोंडे पोटाच्या भिंतीपासून सोडवून एकमेकांना जोडायची असतात. शी बाहेर टाकणारे वरचे तोंड रुंद आणि खालचे वापराविना बारीक झालेले, अशी तफावतही सांभाळावी लागते. जोड उसवला तर विष्ठा पोटात पसरून जिवावर बेतते. शिवाय जखम चिघळणे, जोड आक्रसणे, आतडे अडणे, पुढे हर्निया होणे, हे धोके आहेतच.

‘विष्ठेची जागा, पू होणारच’ असे काही जण म्हणतात. बालशल्यचिकित्सक अँड्रिया बिशॉफ, अल्बर्टो पेन्या व सहकाऱ्यांनी २०१० साली कोलोस्टॉमी बंद केलेल्या ६४९ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यांत एकाचाही जोड उसवला नाही, एकाचीही जखम चिघळली नाही. ही एकाच चमूची कामगिरी आहे, तुलनात्मक चाचणी नव्हे, हे मान्य. पण ‘होणारच’ हा शब्द खोटा ठरवायला ती पुरेशी आहे.

‘पेन्यांचा हात सगळ्यांना कुठून?’ हाही आक्षेप टिकत नाही. त्यांची पद्धत पाहा: आदल्या दिवशी फक्त द्रव आहार, वरच्या तोंडातून आतडे पुन्हा पुन्हा धुणे, भूल देतानाच शिरेतून प्रतिजैविके, वरच्या तोंडात बोळा, रक्तस्राव काटेकोर थांबवणे, दोन थरांत सुटे टाके, भरपूर धुणे आणि पोकळी न ठेवता एकेक थर मिटवणे. यात महागडे यंत्र कोणते? लागते ती शिस्त.

म्हणून कोलोस्टॉमी बंद करण्यापूर्वी खालच्या आतड्याचा मार्ग मोकळा आहे आणि नवे गुदद्वार पुरेसे रुंद आहे, याची खात्री करावी. शिकाऊ डॉक्टरने टाके जरूर घालावेत, पण अनुभवी सर्जन शेजारी असताना. आईवडिलांना सगळे धोके आधी सांगावेत. शी प्रथमच खालून होऊ लागल्यावर बाळाची गुदद्वाराभोवतीची कातडी सोलवटू शकते, तिची काळजी शिकवावी. दोन शस्त्रक्रिया सोसलेल्या बाळाला तिसऱ्या वेळी कमी दक्षता मिळावी, याचे समर्थन कोणत्याही शास्त्रात नाही.