ॲरिस्टॉटलचा कंदील आणि एक 'त'

शास्त्रशाखेकडे गेलेल्या आमच्या मित्रांचा एक लाडका सिद्धांत आहे : शब्दांची चिकित्सा हा रिकामटेकड्यांचा उद्योग, सत्य हवे तर प्राणी टेबलावर घ्या आणि कापा. त्यांच्याच पुस्तकातला एक प्राणी मी त्यांच्यापुढे ठेवतो.

सागरी अर्चिन हा समुद्रतळाशी राहणारा, अंगभर काटे असलेला गोलसर जीव. त्याला पाच दात असतात. ते दात आणि त्यांना हलविणारी सारी गुंतागुंतीची यंत्रणा मिळून जो अवयव होतो त्याला जगभर 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथात अर्चिनच्या तोंडाला, भोवतीचे कातडे नसलेल्या कंदिलाची उपमा दिली, अशी या नावाची उपपत्ती. (त्या काळच्या कंदिलांना काचा कुठल्या!)

पण तोंडाला की शरीराला? ग्रीक भाषेत तोंड म्हणजे 'स्तोमा' आणि शरीर म्हणजे 'सोमा'. ऱ्हस्वदीर्घ सोडले, आणि ते सोडण्यात आपण तरबेज आहोतच, तर फरक एका 'त'चा. ॲरिस्टॉटलच्या हातचे लेखन उरलेले नाही. नकलांवरून नकला होत गेल्या. काही हस्तलिखितांत एक पाठ, काहींत दुसरा. जेम्स लेनॉक्स या अभ्यासकाने १९८३ साली 'सोमा' हा पाठ उचलून धरला. मलाही तोच पटतो. काटे गळून गेलेले अर्चिनचे कवच पाहावे : पोकळ, गोल, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत बारीक छिद्रांचे पट्टे. कंदील म्हणावा तो याला!

मग नाव बदलावे काय? मुळीच नको. जबड्याची ती पाच पाकळ्यांची रचनाही कंदिलासारखीच दिसते, आणि त्या नावाने कोणता अवयव समजायचा याबद्दल कुणाचा घोटाळा होत नाही. शिवाय इतके चित्रमय नाव टाकून एखादे कोरडे 'चर्वणयंत्र' आणणाऱ्याला माझा तरी पाठिंबा नाही.

माझे म्हणणे एवढेच की, हजार अर्चिन कापले तरी मूळ वाक्यात 'त' होता की नव्हता हे कळायचे नाही. तिथे पोथ्याच ताडून पाहाव्या लागतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीसाठी केले, त्याच जातीचे हे काम. तेव्हा प्राणिशास्त्राच्या पुस्तकात त्या आकृतीखाली या 'त'ची एक ओळीची टीप अवश्य छापावी. आणि ती लिहायला आमच्या शाखेतला कुणीतरी बोलवावा.