तान्ह्या मुलांचा अपस्मार

अपस्मार म्हटला की, रस्त्यात कोसळलेला, तोंडाला फेस आलेला मनुष्य आणि त्याच्या नाकाशी पायताण धरणारा जमाव आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. या चित्राने आपली समजूत इतकी व्यापली आहे की, या रोगाचा जो प्रकार तान्ह्या मुलांना अत्यंत घातक, तो घरात डोळ्यांदेखत चालला असताही ओळखू येत नाही. दरवर्षी १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या व्याख्यानांतील निदान पाच मिनिटे या प्रकारासाठी राखून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे.

बाळ चार ते सात महिन्यांचे असते. झोपेतून उठताच त्याची मान एकाएकी पुढे झुकते, हात फाकतात, अंग आखडते आणि क्षणात सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे लागोपाठ दहा-वीस वेळा. फेस नाही, बेशुद्धी नाही. कोणी म्हणते पोटात दुखते, कोणी म्हणते दचकले, कोणी दृष्ट काढते. कौतुकाने 'बाळ नमस्कार करते' असे म्हणणारेही भेटतात! उष्टावणाच्या सुमारास ओळखीचे हसणे हरपते, नजर स्थिरावेनाशी होते, आणि मग कोठे डॉक्टरांची आठवण होते.

इंग्लंडमधील डॉ. विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून या विकाराचे पहिले वर्णन केले, ते स्वतःच्या मुलावरून. झुकण्याच्या त्या लकबीवरून झटक्यांना 'सलाम' हे नाव पडले. स्वतः डॉक्टर असलेल्या त्या पित्याच्या हाती तेव्हा उपाय नव्हता. १९५८ साली बेल्जियममध्ये संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी हे झटके थांबू शकतात असे आढळले. आज त्या इंजेक्शनांच्या जोडीला प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही वापरल्या जातात, आणि त्या महाग नाहीत. महाग आहे तो विलंब. झटके सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत जितके आठवडे जातात, तितकी बुद्धीची वाढ खुंटण्याची भीती वाढते.

मग हा विलंब होतो कोठे? आमच्या मते त्याचे एक कारण सरकारी वेळापत्रकातच दडलेले आहे. नियमित लसीकरणात बाळ चौदा आठवड्यांचे असताना केंद्रात येते, त्यानंतर एकदम नवव्या महिन्यात. नेमक्या मधल्या काळातच हा विकार डोके वर काढतो. मात्र २०१८ पासूनच्या गृहभेटींच्या योजनेत आशा कार्यकर्तीने सहाव्या महिन्यात घरी जावयाचे असते. 'बाळ वरचेवर मान झुकवते का, हसणे थांबले का?' एवढे दोन प्रश्न त्या भेटीत सक्तीचे करण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते.

दुसरा एक उग्र प्रकार पहिल्या वर्षातच तापाबरोबर सुरू होतो. लहानपणी तापात येणारी आकडी बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ती अर्धा-अर्धा तास टिकू लागली, एकाच बाजूस येऊ लागली, किंवा ऊन पाण्याच्या अंघोळीनेही येऊ लागली, तर 'तापामुळे झाले' म्हणून स्वस्थ बसू नये. १९७८ साली डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी वर्णिलेल्या या रोगात फेनिटॉइन, कार्बमाझेपिन यांसारखी नेहमीची औषधेच झटके वाढवू शकतात. येथे निदान चुकणे म्हणजे औषधानेच अपाय होणे होय. योग्य औषधाने सुमारे ७० टक्के अपस्मारी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तथापि या उग्र प्रकारांत ती खात्री देता येत नाही. अशी मुले बहुधा आयुष्यभर कोणाच्या तरी आधाराने जगतात, आणि तो आधार म्हणजे बहुतेक घरांत एकटी आई असते. तिलाच 'तुझ्या पोटी असे कसे?' म्हणून विचारले जाते, याची आम्हांस लाज वाटते.

केसांच्या गुंत्याला देवीची जट समजून मुली सोडण्याची रूढी याच भागात होती, आणि तिच्याविरुद्धच्या लढ्यात गडहिंग्लज पुढे होते. ज्या गावाने जटेवर कात्री चालवली, त्याने आकडीला 'वारे' का म्हणावे? भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सुशिक्षितही याबाबत मागे नाहीत: ते धुरी देत नाहीत, पण रोग लपवितात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहास बाधा होती. ती १९९९ साली काढण्यात आली. कायद्याने जे सोडले ते सोयरिकीच्या बैठकीत अजून सुटलेले नाही, आणि त्या धाकापायी तान्ह्या मुलीची आकडीसुद्धा शेजाऱ्यांपासून झाकली जाते.

आजरा, चंदगडकडील रुग्णांना गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय जवळचे. कोल्हापूर वा बेळगाव गाठावयाचे तर दिवस मोडतो. म्हणून येथे महिन्यातून ठरलेल्या दिवशी बालमेंदूतज्ज्ञाची तपासणी व मेंदूचा विद्युतालेख काढण्याची सोय असावी, आणि आकडीच्या औषधांचा पुरवठा एक दिवसही खंडित होऊ नये. कारण एकाएकी थांबलेले औषध हेच पुष्कळदा नव्या झटक्याचे निमित्त होते. शाळांतील शिक्षकांना एवढे तरी शिकवावे की, आकडी आलेल्या मुलास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, कांदा काही घालू नये, आणि पाच मिनिटांत ती न थांबल्यास रुग्णालय गाठावे. पालकांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. बाळाच्या वाढदिवसाची चित्रफीत जो मोबाइल काढतो, त्यानेच बाळाच्या त्या चमत्कारिक झुकण्याचीही मिनिटभराची फीत काढावी आणि ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.