खिडकीपलीकडचे तीन मीटर

मुंबई : ‘समुद्राभिमुख’, ‘उद्यानाभिमुख’ ही विशेषणे सदनिकांच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत छापली जातात, तर वरच्या मजल्यासाठी ‘फ्लोअर राइज’च्या नावाखाली जादा पैसे घेतले जातात. खिडकीतून काय दिसते, याचे मोल बाजाराला पुरते ठाऊक आहे. पुनर्वसन वसाहतींच्या बाबतीत मात्र हा विषय चैनीचा मानला जातो.

गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तुलना केली. पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. तिन्ही ठिकाणी राहणारे लोक पुनर्वसित आणि अल्प उत्पन्नाचेच. त्यामुळे केवळ गरिबीकडे बोट दाखवून हा फरक उलगडत नाही. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींतील अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, भर दुपारी दिवे लावावे लागतात. मधल्या बोळात कचरा साचतो, म्हणून दुर्गंधी टाळण्यासाठी खिडकी बंद. समोरच्या घरातून सगळे दिसते, म्हणूनही बंद.

खिडकी आहे, पण ती उघडता येत नाही.

आरोग्याशी असलेला हा संबंध नवा नाही. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, हा त्यांचा निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना लहान होता. तरी प्रश्न नेमका होता.

राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश असावे असे सांगते. हा निकष भोकाचा आकार मोजतो, पलीकडचे दृश्य नव्हे. नगरवनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेले ‘३-३०-३००’ सूत्र दुसऱ्या टोकापासून सुरू होते : प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावे. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात ते तंतोतंत पाळणे अवघडच. पण झोपडपट्टी पुनर्वसनात मोकळ्या जागेच्या अटी शिथिल करताना खालच्या मजल्यावर किती उजेड उरतो, हे तपासणे अवघड नाही. धारावीच्या पुनर्विकासात ती तपासणी बांधकामापूर्वीच व्हावी लागेल; उभ्या राहिलेल्या दोन इमारतींमधील अंतर नंतर वाढवता येत नाही.