गुडघ्याचे कलम आणि येणारा खरीप



कारंजा तालुक्यातील धनजहून एका भगिनीचे पत्र आले आहे. दिवाळीनंतरच्या कबड्डीच्या सामन्यात त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाचा पाय पिळवटला. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि थोड्याच वेळात गुडघा टम्म फुगला. चोळून झाले, लेप झाले. सूज ओसरली, पण धुऱ्यावरून उतरताना गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये पुढची लिगामेंट तुटल्याचे निघाले व डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. त्या विचारतात, "पैसा कसाही उभा करू, पण वीस वर्षांनी हा पाय वावरात चालेल का?"

शेतीच्या सदरात गुडघा कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण बैलाचा पाय लंगडला तर आपण त्याच दिवशी धावतो, माणसाचा लंगडला तर 'होईल बरा' म्हणतो. मी डॉक्टर नाही. जाणकारांकडून समजून घेतले ते सांगतो.

लिगामेंट म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा चिवट दोर. पुढचा दोर पूर्ण तुटला की तो बहुधा आपोआप नीट सांधत नाही. डॉक्टर दुर्बिणीतून, रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन हाडात छिद्रे पाडून तेथे बसवतात. आपल्या संत्र्याच्या कलमासारखेच हे. जंबेरीवर डोळा बांधला म्हणजे झाड झाले नव्हे. या कलमातही नव्याने रक्त फिरावे लागते आणि त्या काळात ते आधी कमजोर होते, मग हळूहळू बळ धरते. गंमत अशी, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणे थांबलेले असते. पोरगा ताठ चालतो, घरचे म्हणतात बरा झाला, आणि त्याच्या खांद्यावर खताचे पोते येते. घात होतो तो इथे.

नॉर्वेतील 2016 च्या एका अभ्यासात दिसले, की खेळाकडे परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा धोका उतरत गेला; दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. मांडीचे बळ दुसऱ्या पायाइतके झाले की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले. कोणी म्हणेल, विनेश फोगाटचे काय? तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया 17 ऑगस्ट 2023 रोजी मुंबईत झाली आणि वर्ष भरायच्या आत ती पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. खरे आहे. पण तिच्या दिमतीला फिजिओथेरपिस्ट होते. आपल्याकडे पाठीवरचा फवारणी पंप वाट पाहत असतो.

आता वीस वर्षांचे. शस्त्रक्रियेने गुडघ्याचे सटकणे बहुतेकांचे थांबते. मात्र गुडघा नवा होत नाही. ही दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या सांध्यात दहा ते वीस वर्षांनी झीज आढळते, आणि शस्त्रक्रियेने ती हमखास टळते असे दिसलेले नाही. झीज किती होणार, हे बरेचसे आतल्या गादीवर ठरते. म्हणून सटकणारा गुडघा घेऊन वर्षानुवर्षे राबणे वाईट. प्रत्येक हिसक्याला गादी फाटण्याची भीती असते.

मग प्रत्येकाने शस्त्रक्रिया करावीच का? तसेही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या अभ्यासात निम्म्यांना लगेच शस्त्रक्रिया दिली, बाकीच्यांना आधी व्यायाम व गरज पडलीच तर नंतर शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी, 2013 साली पाहिले तेव्हा दोन्हीकडचे गुडघे सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या जवळजवळ अर्ध्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. उलट ब्रिटनमधील 2022 च्या अभ्यासात, दुखापत जुनी होऊन गुडघा सटकतच राहिला होता अशांना शस्त्रक्रियेचाच गुण जास्त आला. बाई, तुमच्या मुलाचे लक्षण या दुसऱ्या जातीचे वाटते. तरी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा : गादी शाबूत आहे काय, आणि शस्त्रक्रियेआधी काही आठवडे मांडीचा व्यायाम करून घ्यायचा काय. पैशाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. भरती झाल्यावर नव्हे. व्यायाम कोण शिकवणार, किती वेळा बोलावणार, येण्या-जाण्याचा खर्च किती, हेही त्याच हिशेबात धरा. शस्त्रक्रियेला पैसे पुरतात आणि फिजिओथेरपीला संपतात, असे फार होते.

आणखी एक हिशेब कागदावर मांडा. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली तर नववा महिना सोयाबीनच्या सोंगणीला भरतो. म्हणजे पेरणी, डवरणी, खत, फवारणी असा सारा खरीप त्या नऊ महिन्यांत येतो. चिखलात पाय रुतवून काम करण्याचे ते दिवस. मुलगा घरात हिंडता-फिरता दिसला तरी यंदा तो हाताशी नाही असेच धरा. पेरणीला ट्रॅक्टर आणि डवऱ्याला गडी आताच ठरवून ठेवा. मृगाच्या तोंडावर माणूस मिळत नाही, आणि मग पोरगाच उठून डवऱ्यामागे जातो.