हॅकिंग शिकायचे, तर आधी यंत्रणा शिका

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डे वापरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’ या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्फत जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. तरीही खातेदारांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत, कारण खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंग प्रणालीला चोरांनी हात लावला नव्हता. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘पैसे द्यावेत का’ ही विचारणा बँकेच्या स्विचकडे येते, स्विच ती कोअर बँकिंगकडे नेतो आणि तिथला होकार-नकार परत कळवतो. चोरांनी खोटा स्विच उभा करून ही विचारणा मध्येच अडवली आणि होकार स्वतःच देऊन टाकला. व्यवहाराच्या वाटेवर कोण कोणाच्या शब्दावर विसंबते, हे ज्याला नेमके ठाऊक आहे त्यालाच हे सुचते.

हॅकिंगचा पाया हाच आहे, आणि तो संगणकापुरता नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याची फोनलाइन मोकळी असल्याची खूण म्हणजे २६०० हर्ट्झचा सूर होता. बोलणे आणि हे इशारे एकाच तारेतून जातात, हे ओळखलेल्या मंडळींनी तोच सूर काढून फुकट फोन केले. पुढे फोन कंपनीने इशाऱ्यांची वाट वेगळी केली, तेव्हा ही युक्ती निकामी झाली. हल्ला आणि बचाव, दोन्ही एकाच जाणकारीतून आले. आपल्याकडचे ‘एथिकल हॅकिंग’चे झटपट वर्ग मात्र तयार साधने चालवण्यावर भर देतात. अशी साधने बहुतांशी माहीत असलेल्या त्रुटी शोधतात. स्विचच्या उत्तराची दुसरीकडे पडताळणी होते का, हा प्रश्न माणसालाच पडावा लागतो.

ओटीपी विचारून लुबाडणारा भामटा कुठे यंत्रणा शिकलेला असतो, असा आक्षेप येईल. पण ओटीपी टाकणारा तो खातेदारच, असे बँक धरून चालते, हे त्याला पक्के कळलेले असते. त्याचा सगळा धंदा त्या एका गृहीतकावर चालतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे शिकवले तर चोर तयार होतील. परंतु चोर अभ्यासक्रमाची वाट पाहत नाहीत, न शिकवल्याने अडाणी राहतो तो राखणदार. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार बेकायदा ठरते, हे पहिल्याच तासाला शिकवावे. त्यानंतर साधनांना हात लावण्याआधी विद्यार्थ्याने एका यूपीआय व्यवहाराची पूर्ण वाट कागदावर काढावी आणि प्रत्येक टप्प्यावर कोण काय तपासतो, काय नुसते मानून घेतो, हे लिहावे. हाच कागद बँकांनी स्वतःच्या व्यवहारांसाठीही तयार ठेवावा.