शोधचौकटीतील सूचना : एक दुर्लक्षित कोशकार्य

१

गेल्या दोन-तीन दशकांत मराठीतील कोशवाङ्मय आणि सूचिवाङ्मय संगणकाच्या पडद्यावर आले आहे. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर उपलब्ध आहे. अनेक ग्रंथालयांच्या तालिका आता खणातील कार्डांऐवजी पडद्यावर उघडतात. या स्थित्यंतराचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्यामुळे अभ्यासक आणि ग्रंथ यांच्यामध्ये एक नवे दार उभे राहिले आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे दार म्हणजे शोधाची रिकामी चौकट होय.

या चौकटीत दोन-तीन अक्षरे उमटताच तिच्याखाली संभाव्य नोंदींची यादी दिसावी, अशी सोय संकेतस्थळाला जोडता येते. तिला तत्काळ सूचना म्हणतात. ही सोय म्हणजे निव्वळ तांत्रिक सजावट आहे असे समजून तिच्याविषयीचे निर्णय बहुधा आज्ञावली लिहिणाऱ्यांवर सोपविले जातात. वस्तुतः कोणती अक्षरे टाकल्यावर कोणती नोंद दिसावी, कोणत्या क्रमाने दिसावी आणि कोणत्या नावावरून कोणत्या नावाकडे वाचकाला न्यावे, हे प्रश्न कोशकाराचे आणि सूचिकाराचे आहेत. सबब मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी हे काम आपल्या अभ्यासक्षेत्रातील काम म्हणून पत्करणे अगत्याचे आहे.

२

तत्काळ सूचनांचा सार्वत्रिक प्रसार गूगलने २००४ साली प्रायोगिक स्वरूपात मांडलेल्या सोयीपासून झाला. २००८ पासून ती सोय त्या शोधयंत्राचे नित्य अंग बनली. २०१० साली त्याच कंपनीने एक पाऊल पुढे टाकून प्रत्येक अक्षरागणिक संपूर्ण निकालच बदलणारी योजना आणली. २०१७ साली ती मागे घेण्यात आली. सूचना मात्र टिकल्या. वाचकाला प्रत्येक अक्षरागणिक उत्तर नको असते. आपला प्रश्न नीट मांडण्यास साहाय्य हवे असते, असा या इतिहासाचा बोध घेता येईल.

या सोयीची यंत्रणा फारशी गूढ नाही. नोंदींची यादी आधीच अक्षरक्रमाने रचून ठेवलेली असते. वाचकाने लिहिलेल्या आद्याक्षरांशी जुळणाऱ्या नोंदी तीतून निवडल्या जातात. प्रतिसाद सेकंदाच्या दहाव्या भागात मिळाला तर तो तत्क्षणी मिळाल्यासारखा भासतो, असा संगणकशास्त्रातील प्रचलित दंडक आहे. त्याकरिता प्रत्येक कळीला यादी धुंडाळण्याऐवजी टंकलेखनातील क्षणभराच्या विरामाची वाट पाहण्याची युक्ती योजतात. एवढे शिकण्यास संगणकाच्या विद्यार्थ्याला काही दिवस पुरतात. यापुढचा भाग मराठीचा आहे आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

३

आद्याक्षरांची जुळणी ही कल्पना इंग्रजीसारख्या स्थिर वर्णलेखनाच्या भाषेत सहज चालते. मराठीत मात्र एकच शब्द काळपरत्वे, नियमपरत्वे आणि विभक्तिपरत्वे निरनिराळी आद्याक्षरे धारण करतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर यांनी आजचे लेखन घडविले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' अशी सानुस्वार रूपे आहेत. आजच्या सवयीने 'नाव' लिहिणाऱ्या वाचकाला जुन्या कोशातील 'नांव' ही नोंद दिसणार नाही, कारण यंत्राच्या लेखी तिसरे चिन्हच निराळे आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजच्या नियमानुसार 'गुरू' हा शब्द स्वतंत्रपणे दीर्घान्त लिहावयाचा, तर 'गुरुचरित्र' या समासात तो ऱ्हस्व राहावयाचा. नियम पाळून 'गुरू' ही दोन अक्षरे लिहिणाऱ्या वाचकासमोरून 'गुरुचरित्र' नाहीसे होते. तोच प्रकार 'कवी' आणि 'कविता' यांचा. येथे वाचकाची चूक नाही आणि सूचीचीही नाही. दोघेही एकाच नियमावलीचे काटेकोर पालन करीत आहेत, आणि तरीही त्यांची भेट होत नाही. सामान्यरूपामुळे ही दरी आणखी रुंदावते. एखाद्या कवितेतील 'मुलांच्या' हे रूप चौकटीत लिहिणारा वाचक 'मूल' या नोंदीपर्यंत पोचत नाही. 'देवळात'वरून 'देऊळ', 'पावसात'वरून 'पाऊस' हे मराठी भाषकाला उपजत कळते. यंत्राला ते कोणीतरी शिकवावे लागते. ते शिकविण्यास लागणारे ज्ञान मराठी व्याकरणाचे आहे.

काही भेद तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. 'वऱ्हाड' या शब्दातील 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत नेहमीचा 'र', हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापील रूप एकच, अंतर्गत संकेत दोन. ग्रंथालयातील नोंद एका रीतीने आणि वाचकाचा कळफलक दुसऱ्या रीतीने चालत असेल, तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे सर्वपरिचित नाटकही त्या ग्रंथालयात 'नाही' असे उत्तर मिळेल. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. अन्य नोंदींत तेथे 'अ' व चंद्रचिन्ह यांची जोडणी किंवा हिंदीच्या धर्तीवरचा 'ऍ' आढळतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी वाचक रोमन कळफलकावर लिहितो, तेव्हा 'ज्ञानेश्वरी'चा 'ज्ञ' मराठी उच्चाराने 'डी-एन-वाय', हिंदी वळणाने 'जी-वाय' आणि विद्वत्परंपरेने 'जे-एन' असा तीन दारांनी येतो. तिन्ही दारे उघडी ठेवणे हे सूचनांचे काम आहे.

४

मराठी कोशकार आणि ग्रंथपाल यांना या प्रश्नांचे उत्तर फार पूर्वीच सापडले होते. ते उत्तर म्हणजे 'पाहा' हा एक शब्द. 'ठोंबरे, त्र्यंबक बापूजी : पाहा बालकवी', 'दामले, कृष्णाजी केशव : पाहा केशवसुत' अशा निर्देशांनी जुनी तालिका वाचकाला योग्य खणाशी नेत असे. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम या तीन नावांमागे एकच व्यक्ती आहे, हे तालिकेला ठाऊक असे. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. 'पाहा' हा त्या सूत्राचा साधा आणि सुंदर आविष्कार होता. कार्डांचे खण गेले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हे निर्देशही गेले. तत्काळ सूचना म्हणजे त्यांचेच पुनरुज्जीवन होय. 'ठोंबरे' लिहू लागताच 'बालकवी' दिसावा आणि त्या ओळीतच दोघांचे ऐक्य सांगितलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

५

नोंदी कोणत्या क्रमाने दाखवाव्यात, हा यानंतरचा आणि वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत गंभीर प्रश्न आहे. व्यापारी संकेतस्थळांवर लोकप्रियता हा क्रमाचा मुख्य निकष असतो : जे अधिक शोधले जाते, ते वर. ज्ञानव्यवहारात हा निकष जसाच्या तसा स्वीकारणे घातक ठरेल. 'ज्ञान' ही अक्षरे लिहिल्यावर पाच ओळींची यादी उघडते असे मानू. ज्ञानेश्वर, ज्ञानेश्वरी, ज्ञानदेव, ज्ञानपीठ आणि ज्ञानकोश यांनी ती भरून जाईल. १८४२ साली सुरू झालेला 'ज्ञानोदय' किंवा १८४९ सालचा 'ज्ञानप्रकाश' यांना तीत स्थान उरणार नाही. 'विविधज्ञानविस्तार' तर आरंभीच्या अक्षरांत 'ज्ञान' नसल्यामुळे यादीपर्यंत पोचणारच नाही. पुढे जे दिसते तेच निवडले जाते आणि जे निवडले जाते तेच पुन्हा वर दिसते. या वर्तुळात एकदा मागे पडलेली नोंद आपल्या बळावर पुढे येऊ शकत नाही.

हे नुकसान कोणाचे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. आधुनिक मराठी गद्यातील दलित स्त्रीच्या आवाजाचा शोध घेणाऱ्याला या नियतकालिकाशी यावेच लागते. ताराबाई शिंदे यांचा १८८२ सालचा ग्रंथ 'स्त्रीपुरुष तुलना', 'स्त्री-पुरुष तुलना' किंवा सलग एका शब्दात असा निरनिराळ्या प्रकारे नोंदला जाणे शक्य आहे. एक रेघ किंवा एक मोकळी जागा एवढ्यावर त्याचे दिसणे अवलंबून राहावे, ही अवस्था समाधानकारक नाही. जे वाङ्मय मुद्रित इतिहासाच्या मुख्य प्रवाहात उशिरा आले, ते लोकप्रियतेच्या क्रमात पुन्हा शेवटी जाते. संशोधनात 'आढळले नाही' या उत्तराचे रूपांतर 'अस्तित्वात नाही' या विधानात होण्यास फार वेळ लागत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य पटते.

म्हणून कोश आणि सूची यांच्या संकेतस्थळांवर वर्णक्रम हाच सूचनांचा मूळ क्रम असावा. तोही यंत्राच्या संकेतांचा नव्हे, मराठी वर्णमालेचा. युनिकोडच्या रचनेत 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. यंत्रावर सोपविल्यास 'कळस' हा 'कविता'च्या आधी येईल. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु कोशात बोट ठेवून शब्द शोधण्याची सवय असलेल्या वाचकाचा विश्वास अशाच किरकोळ बाबींवर उभा असतो.

६

या सोयीविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात; त्यांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा, की सूचनांमुळे विद्यार्थ्याला आयते मिळते आणि कोश चाळण्याचा संस्कार लोपतो. कोश चाळताना हव्या असलेल्या शब्दाच्या शेजारचे चार शब्द सहज भेटतात, हे खरे आहे. परंतु हे शेजार सूचनांनी हिरावलेले नाहीत. रिकाम्या चौकटीने हिरावले आहेत. वर्णक्रमाने उघडणारी यादी ते शेजार काही अंशी परतच करते.

दुसरा आक्षेप शुद्धलेखनाचा आहे. अशुद्ध रूपेही स्वीकारली तर शिस्त कोठे उरली, असे विचारले जाते. येथे स्वीकारणे आणि मान्यता देणे यांत भेद करावा लागेल. 'गुरूचरित्र' असे लिहिणाऱ्याला आत घ्यावे आणि यादीत 'गुरुचरित्र' दाखवावे. न रागावता दिलेला हा धडा शिक्षेपेक्षा अधिक टिकण्याचा संभव आहे.

तिसरा आक्षेप पाळतीचा असून तो सर्वांत सबळ आहे. वाचकाने लिहिलेले प्रत्येक अक्षर, त्याने पुसलेले शब्दही, दूरच्या यंत्राकडे जाऊ शकतात. यावर उपाय आहे. एखाद्या विभागाच्या ग्रंथालयात पंधरा-वीस हजार ग्रंथ असले, तरी त्यांची शीर्षके आणि कर्तृनामे यांची यादी आजच्या मानाने अगदी लहान असते. ती संपूर्णपणे वाचकाच्याच यंत्रावर उतरविता येते आणि जुळणी तेथेच करता येते. म्हणजे वाचक काय शोधतो याची नोंद कोणाकडेही राहत नाही.

याखेरीज एक मर्यादा सूचनांनी स्वतःहून पाळली पाहिजे. त्यांनी सुचवावे, सक्ती करू नये. वाचकाने लिहिलेला शब्द यादीत नसला तरी तो जसाच्या तसा शोधण्याची वाट खुली असावी. यादी कळफलकाने चाळता यावी आणि दृष्टिहीन वाचकाला ती वाचून दाखविली जावी. नोंद नसल्यास 'या रूपाने नोंद आढळली नाही' एवढेच नम्र उत्तर द्यावे. ग्रंथ नाही असे म्हणण्याचा अधिकार यंत्राला नाही.

७

प्रत्यक्षात करावयाचे काम अवाढव्य नाही. विभागाच्या ग्रंथालयातील कर्तृनामे आणि त्यांची टोपणनावे यांची जोडयादी. १९६२ पूर्वीच्या आणि नंतरच्या रूपांचा तुलनात्मक तक्ता. सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे नेणारे नियम आणि त्यांचे अपवाद. रोमन लेखनाचे प्रचलित पर्याय : एवढी सामग्री पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या प्रकल्पकार्य म्हणून सिद्ध करू शकतील. व्याकरण, लेखनविषयक नियमांचा इतिहास आणि वाङ्मयेतिहास हे तिन्ही विषय त्या निमित्ताने प्रत्यक्ष उपयोगात येतील. अशी सामग्री एका विभागाने तयार केली, तर ती सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून द्यावी. प्रत्येक ग्रंथालयाने तीच रूपे नव्याने गोळा करण्याचे कारण नाही.

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि १८५७ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. या कोशामागे शब्द गोळा करणाऱ्या आणि पारखणाऱ्या मराठी पंडितांचे श्रम होते. त्या श्रमांचे आजचे रूप कोणते, असा प्रश्न पडल्यास शोधचौकटीखाली उघडणाऱ्या पाच-सात ओळींकडे निर्देश करता येईल. त्या ओळी कोणीतरी लिहिणारच आहे. त्या मराठी जाणणाऱ्याने लिहिल्या नाहीत, तर मराठीला न ओळखणारे यंत्र त्या लिहील, आणि पुढील पिढीतील विद्यार्थी त्यांनाच मराठी वाङ्मयाचा विस्तार समजेल.