गोल करणार कोण?

महाराष्ट्रातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प राज्य शासनाने १५ सप्टेंबर २०१७ या दिवसासाठी सोडला होता. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिचे काही सामने ठाणे जिल्ह्यातच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होणार होते. तेथेच २५ ऑक्टोबरला झालेल्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. दोन गोल आबेल रुईझचे, एक फेरान टोरेसचा. दोघेही २००० साली जन्मलेले. पैकी टोरेस पुढे मँचेस्टर सिटी आणि बार्सिलोना या मातब्बर क्लबांकडून खेळला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याचाही जन्म २००० सालचाच आणि त्या स्पर्धेत तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता. त्याच्या पुढील वाटचालीकडे पाहिले की भारतीय फुटबॉलचे नेमके कोठे अडते ते लक्षात येते.

अनिकेत घडला तो राज्य शासनाच्याच पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत. कोल्हापूरसारख्या शहरातून तो यावा, हा योगायोग नव्हे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब यांसारख्या संघांचे सामने शाहू स्टेडियममध्ये होतात तेव्हा अवघे शहर दोन तटांत विभागलेले असते. पेठेतल्या पोराला पायात चेंडू घेण्यासाठी सरकारी संकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

विश्वचषकात मात्र भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने हरला. नऊ गोल स्वीकारले, केला एकच. तोही मधल्या फळीतील जीक्सन सिंगने, कॉर्नरवरून, हेडरने. अवघ्या दीड महिन्यानंतर, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, याच मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीला ३-० असे नमविले. त्यात अनिकेतचे दोन गोल होते. २०१९ मध्ये तो तीन महिन्यांच्या सरावासाठी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबकडे गेला. परतल्यावर इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, मग हैदराबाद असा त्याचा प्रवास झाला. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद मिळविले, त्या संघात तो होता. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताच्या वरिष्ठ संघातही त्याची निवड झाली. पुढे ईस्ट बंगाल आणि ओडिशा या संघांकडूनही तो खेळला.

कागदावर ही कारकीर्द कोणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. पण आघाडीवीर म्हणून निवडला गेलेला हा मुलगा व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रामुख्याने बगलेवर, विंगर म्हणून खेळला. यात त्याचा दोष शोधण्याचे कारण नाही. गोलपुढची मधली जागा या लीगमध्ये भारतीय खेळाडूसाठी जवळजवळ मोकळीच नसते. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत सुपर लीगचे अकरा हंगाम झाले. त्यांपैकी एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ भारतीयाला मिळालेला नाही. कोरो, ओग्बेचे, दिएगो मॉरिसियो, डायमंटाकोस, अजाराई ही सारी नावे परदेशी. क्लबांचे गणित सरळ आहे. मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरविण्याची मुभा असेल, तर त्यांतला एक गोल करणाराच असणार. भारतीय तरुणाच्या वाट्याला उरते ती बगल, नाही तर राखीव खेळाडूंचा बाक.

याचा परिणाम राष्ट्रीय संघात उघड दिसतो. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. गोल करणारा दुसरा सापडेना, म्हणून मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करून भारत २०२७ च्या आशियाई चषकाला मुकला.

आघाडीवीर कसा घडतो, याचे उत्तर युक्रेनमध्ये सापडते. ब्लोखिन (१९७५), बेलानोव्ह (१९८६) आणि शेवचेन्को (२००४) असे युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बॅलन डी’ओर’ मिळविणारे तीन आघाडीवीर या भूमीने दिले. तिघेही डायनॅमो कीव्हचे. म्हणून तेथे प्रत्येक गुणी मुलगा यशस्वी होतो असे नव्हे. २०१९ मध्ये युक्रेनने वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात दोन गोल करणारा सुप्रियाहा हाही २००० सालचाच. पण त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती पुढे पुरी झाली नाही. याउलट आर्तेम दोव्बिक डेन्मार्कमधील क्लबात फारसा चमकला नाही आणि मायदेशी परतला. तेथे द्निप्रो-१ या क्लबकडून त्याने देशांतर्गत लीगमध्ये गोलांचा सपाटा लावला आणि सव्विसाव्या वर्षी तो स्पेनमधील जिरोना क्लबात दाखल झाला. पहिल्याच २०२३-२४ च्या हंगामात २४ गोलांसह तो स्पॅनिश लीगमध्ये अव्वल ठरला. अपयशी होऊन परतलेल्या आघाडीवीराला पुन्हा मधल्या जागेवर उभे करणारी लीग मायदेशी होती, म्हणूनच हे घडले. रशियाच्या आक्रमणानंतर ती लीगही थांबली होती. पण ऑगस्ट २०२२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ती पुन्हा सुरू झाली. प्रेक्षकांविना सामने होत होते, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळाडू आश्रयस्थानात जात आणि धोका टळल्यावर खेळ पुढे सुरू होई. भारतात युद्ध नव्हते. तरीही महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराच्या घोळामुळे एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी सुपर लीग २०२५ मध्ये सुरूच होऊ शकली नाही.

महाराष्ट्रात तर शिडीच्या पायऱ्याच एकेक करून निखळल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदविणारा पहिला आशियाई खेळाडू नेव्हिल डिसोझा मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा होता. नोकरी, सराव आणि नियमित सामने या तिन्ही गोष्टी तेव्हाचे कंपन्यांचे संघ देत. पुढे महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये, म्हणजे दहा लाख मुलांच्या संकल्पाच्याच वर्षी, गेले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. मुले घडविण्याची घोषणा आणि ती मोठी झाल्यावर ज्या संघांत खेळणार त्यांचे विसर्जन, दोन्ही एकाच वेळी चालू होते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. म्हणजे या दोन महापालिकांची वस्ती, सुआरेझ, कवानी आणि फोर्लान यांसारखे आघाडीवीर देणाऱ्या उरुग्वेच्या जवळपास जाते. ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल, कल्याणात सुभाष मैदान. पण मैदान असणे वेगळे आणि त्यावर वर्षभर वयोगटानुसार लीगचे सामने होणे वेगळे. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे क्रिकेटचे किट पाठीवर टाकून लोकलने मुंबई गाठत असे. त्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला शालेय स्पर्धा, कांगा लीग, मुंबईचा रणजी संघ अशी अखंड चढण उभी होती. फुटबॉल खेळणारे मूल सुमारे पन्नास किलोमीटरचा तोच प्रवास करून कूपरेजला पोहोचेलही. त्यानंतर कोठे जायचे, याचे तितके स्पष्ट उत्तर त्याच्या पालकांपाशी नसते. दहावीच्या वर्षी बूट माळ्यावर जातात, त्यामागे हा साधा हिशेब असतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. महापालिकांनी एकदिवसीय करंडकांऐवजी तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलांच्या पाच-सहा महिन्यांच्या लीगसाठी मैदाने राखून ठेवावीत. सुपर लीगमधील क्लबांना राखीव संघांच्या सामन्यांत परदेशी आघाडीवीर नको, असे महासंघाने बजवावे. तरुण भारतीय खेळाडूला मधल्या जागेवर ठरावीक मिनिटे खेळविणाऱ्या क्लबाला आर्थिक प्रोत्साहनही देता येईल. गोल करण्याची सवय सरावाने लागते, पण ती टिकते सामन्यांमुळेच. शंभर सामन्यांत चुकल्याशिवाय आघाडीवीर शिकत नाही आणि चुकण्याची ही संधीच येथे मिळत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा पुन्हा, आणि या वेळी कायमचा, निरोप घेतला. त्याच्या खात्यावर भारतासाठी ९५ गोल आहेत. २०१७ च्या त्या सप्टेंबरात ठाणे-कल्याणच्या शाळांमधून चेंडूला पहिली लाथ मारणारी दहा वर्षांची मुले आता अठरा-एकोणीस वर्षांची झाली आहेत. त्यांच्यातील किती जण अजून खेळतात, याची मोजदाद शासनाने एकदा तरी करावी. दहा लाखांचा तो संकल्प कितपत फळाला आला, हे त्या एका आकड्यावरून कळेल.